एलम गॉसची पाठ

डीकन ओबेड प्रॅटचं पत्र आलं तेव्हा केझाया लॅथ्रॉप वाळवणासाठी सफरचंदं चिरत होती. तिनं ते उभ्याउभ्याच फोडलं. पहिला परिच्छेद देवाच्या कृपेचा होता, दुसरा हवामानाचा. मुद्दा तिसऱ्यात होता.

'आपण पाठवलेले वक्ते श्री. गॉस गेल्या गुरुवारी आमच्या ब्रेनर्ड्स मिल गावी आले. सव्वा तास ते राज्यघटना, कापसाचा व्यापार आणि आपल्याच ओहायोतले कायदे यांवर बोलले. आमची मंडळी त्यासाठी जमली नव्हती. काही स्त्रिया अकरा मैलांवरून गाडीतून हाडं खिळखिळी करून घेत आल्या होत्या. भाषण संपल्यावर मी श्री. गॉस यांना अतिशय सभ्य शब्दांत विनंती केली, की सदरा काढून पाठीवरचे चाबकाचे वळ दाखवावेत. त्यांनी साफ नकार दिला. पुढच्या खेपेस कृपया जरा ऐकणारा माणूस पाठवावा.'

'ऐकणारा माणूस' या दोन शब्दांपाशी केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा तोच डीकन, चर्चचा कारभारी, ज्यानं उन्हाळ्यात एका शिक्षिकेला बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या म्हणून चर्चमधून बाहेर काढलं होतं.

"काय म्हणतोय प्रॅट?" चुलीशेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी विचारलं. अ‍ॅन्सेल लॅथ्रॉपनं चाळीस वर्षं पिंपं बांधली होती. आता बोटं वळत नव्हती, जीभ मात्र छान वळत होती.

तिनं पत्र वाचून दाखवलं.

"म्हणजे त्यांनी पाठ दाखव म्हटलं आणि त्यानं खरंच पाठ दाखवली. निघून गेला," म्हातारा म्हणाला. "मग तक्रार कसली?"

"बाबा, हसण्यासारखं नाहीये हे."

"मी कुठं हसतोय? तू आधी ती सुरी खाली ठेव."

केझाया एक्केचाळीस वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं. दिवसा ती टोप्या शिवायची. उरलेल्या वेळात ती अकरा गावांतल्या गुलामीविरोधी मंडळांच्या जिल्हा संघाची चिटणीस होती. संघाच्या इतिवृत्तात तिच्या कामाची एकच ओळ असे: 'पत्रव्यवहार मिस लॅथ्रॉप यांनी पाहिला.' पाहिला म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक होतं. चार वक्ते आणि अकरा गावं. कोण कुठल्या दिवशी कुठं बोलणार, कोणाकडे उतरणार, कोणाच्या गाडीनं पुढच्या गावी जाणार, सगळं तिनं ठरवायचं. शुगर ग्रोव्हला डुकरं मारण्याच्या आठवड्यात सभा नको. न्यू केननच्या मेथडिस्ट लोकांना दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये बसवत नाही, म्हणून शाळा मागायची. टॅल्कॉटचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एका कुंपणावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून एकच पत्र दोघांना, एकाच दिवशी, शब्दाचाही फरक न करता पाठवायचं.

आणि वक्ता बोलवायचाच तर प्रत्येक गावाला गॉसच हवा असायचा. बाकीच्या तिघांत एक क्वेकर पंथाचा मास्तर होता, तो दोन तासांच्या आत थांबत नसे. दुसऱ्याचे पुढचे दात गेले होते. तिसरा गुलामीवर सुरू करून दारूबंदीवर संपवत असे. एलम गॉस नऊ वर्षांपूर्वी केंटकीतून पळून आलेला, लोहारकाम करणारा, बाविसाव्या वर्षी वाचायला शिकलेला. ओहायोचे कायदे त्याला तोंडपाठ होते. काळ्या माणसाला इथल्या कोर्टात गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही, हे तो असा समजावून सांगायचा, की पहिल्या बाकावरचा शेतकरी मान खाली घालून टोपीची कड चाचपायला लागे. "केंटकीचं मी सांगेनच," तो म्हणायचा, "पण आधी तुमच्या अंगणातलं झाडून घेऊ."

दुसऱ्या दिवशी शुगर ग्रोव्हहून चार ओळी आल्या. शनिवारी सभा होती, लोक जमले होते, वक्ता आलाच नाही.

पळालेल्या गुलामांना पकडून नेणारे लोक केंटकीतून नदी ओलांडून इतक्या वरपर्यंतही येत असत. तिनं शेजाऱ्याची घोडागाडी मागून घेतली, वडिलांसाठी मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ झाकून ठेवली आणि चौदा मैलांवरच्या ब्रेनर्ड्स मिलच्या रस्त्याला लागली. चिखल थंडीनं दगडासारखा झाला होता. चाकोरीतून गाडी हिसके देत चालली होती, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर डीकनला काय काय सुनवायचं ते तिच्या मनात पक्कं होत होतं.

डीकनच्या बायकोनं, ल्युसिंडानं, दारातच तिचे दोन्ही हात हातात घेतले. भोपळ्याचा गोड केक कापला, चहा ओतला, आणि मेपलच्या झाडापासून काढलेल्या साखरेचं भांडं पुढं सरकवलं.

"उसाची साखर गेली सहा वर्षं आमच्या घरात आलेली नाही," ती म्हणाली. "गुलामांच्या घामाची साखर मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही."

"गॉस कुठल्या खोलीत झोपले होते?" केझायानं विचारलं.

ल्युसिंडानं डीकनकडे पाहिलं. "कोठारात. पण अगं, मी स्वतः नवं गवत घालून दिलं होतं. दोन रजया दिल्या. चांगल्या रजया."

"आणि जेवले?"

"ताट तिथंच नेऊन दिलं. गरम होतं गं, थंड नाही दिलं."

"साखर बाहेर ठेवलीत ते चांगलंच केलंत," केझाया म्हणाली. "माणूसही बाहेरच ठेवलात."

डीकन प्रॅट भला मोठा, संथ माणूस होता. त्यानं घसा साफ केला. "सिस्टर लॅथ्रॉप, रागावू नका. आम्ही त्या माणसाचा अपमान कुठं केला? आता वरच्या खोलीत ल्युसिंडाची बहीण उतरली होती, तिला सवय नाही. आणि सदऱ्याचं म्हणाल, तर मी माझ्या मनाचं काहीच केलं नाही. तुम्हीच लिहिलं होतंत."

"मी?"

तो उठला, मेजाच्या खणातून एक घडी घातलेला कागद घेऊन आला आणि तिच्या बशीशेजारी ठेवला. अक्षर तिचं होतं. तारीख सप्टेंबरची.

'श्री. गॉस यांच्या पाठीवरचे चाबकाचे वळ कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलतात,' तिनं लिहिलं होतं. 'ज्यांनी ते पाहिले ते अश्रू आवरू शकले नाहीत. आपल्या गावानं ही संधी दवडू नये.'

केझायानं ते वळ कधी पाहिले नव्हते. कोणीच पाहिले नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात जेवताना एलम खुर्चीला टेकत नव्हता. अ‍ॅन्सेलनं कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "टेकलं की थंडीत दुखतं." एवढंच. सप्टेंबरात सहा गावांनी वक्ता नको म्हणून कळवलं, हंगाम कोरडा जाणार असं दिसायला लागलं, तेव्हा त्या एका वाक्याचं तिनं हे बनवलं होतं. सहा पत्रं एका बैठकीत लिहिली होती. सहाही गावांचा आठवड्याच्या आत होकार आला, आणि हुशारी साधली म्हणून ती मनातल्या मनात खूश झाली होती.

"मी हे सभेच्या सुरुवातीला वाचून दाखवलं," डीकन सांगत होता. "मोठ्यानं. ते शेजारीच उभे होते. मग लोकांची अपेक्षा होणारच ना?"

चौदा मैल घोकलेलं एक वाक्यही केझायाला आठवेना. केक तसाच बशीत राहिला. शेवटी तिनं एवढंच विचारलं, की गॉस कुठं गेले.

"खाली नाक्यावरच्या वेल्श लोहाराकडे. चार दिवस तिथंच आहेत म्हणतात."

लोहारानं तिला पाहिलं आणि काही न विचारता आत मान वळवली. एलम चामड्याचा एप्रन बांधून ऐरणीवर वाकलेला होता. त्यानं तापलेली नाल उचलली, ठोकली, पाण्यात बुडवली. वाफ निघून गेल्यावर मग वर पाहिलं.

"मिस लॅथ्रॉप," तो म्हणाला.

यापूर्वी तो तिला सिस्टर केझाया म्हणायचा.

"मला वाटलं तुम्हाला धरून नेलं," ती म्हणाली.

"नाही. मी इथंच आहे. ह्यांना हाताखाली माणूस हवा होता. हे मला लोखंड तापव म्हणतात, मी तापवतो. त्यापुढं काही काढायला सांगत नाहीत."

"मी ते पत्र पाहिलं. आत्ता. डीकनकडे."

"पाहिलंत? मी ऐकलं. साठ माणसांसमोर. तुमच्याकडे पंगतीत बसवून घातलेलं जेवण मी जेवलो, तुमच्या वडिलांना खरं ते सांगितलं. ते माझ्या आधीच टपालगाडीतून सहा गावं फिरून आलं." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच तिला तिथं उभं राहवेना. "गेल्या वर्षी टॅल्कॉटला मला कुजकी अंडी मारली. त्याचं मला काही वाटलं नाही. ते लोक निदान माझं म्हणणं ऐकून चिडले होते. हे ऐकतच नव्हते. मी साक्षीच्या कायद्यावर बोलत होतो, आणि पहिल्या रांगेतली बाई माझ्या खांद्याकडे बघत बसली होती. केव्हा एकदा उघडा पडतोय म्हणून. गुलामांच्या बाजारात मला असंच बघितलंय लोकांनी. तिथंही सदरा काढायला लावतात. वळ कमी असले की म्हणतात, माणूस गरीब आहे, ऐकणारा आहे."

केझायाच्या कानात डीकनचे तेच दोन शब्द वाजले.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मला क्षमा करा."

"ती तुम्ही माझ्याकडे मागताय, या लोहाराच्या दुकानात. इथं कोण ऐकतंय? मला ती नको." त्यानं चिमटा खाली ठेवला. "त्याच हातानं दुसरं पत्र लिहा. त्याच सहा गावांना. त्यात सांगा, की तुम्ही न पाहिलेली गोष्ट पाहिली असं लिहिलंत. आणि सांगा, की गॉस बोलायला येतो, दाखवायला नाही. जेवायला टेबलाशी बसतो. हे ज्यांना चालत नसेल त्यांनी बोलावू नये. आणि पहिलं जेवढ्या मोठ्यानं वाचलं तेवढ्या मोठ्यानं दुसरं वाचा म्हणावं."

"लिहिते."

"तुमचा संघ लिहू देईल?"

"संघाला मी विचारत नाही."

"विचारा," एलम म्हणाला. "मला बघायचंय."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी टॅल्कॉटच्या चर्चमध्ये संघाची तिमाही सभा भरली. अकरा गावांचे सत्तावीस प्रतिनिधी आले होते. बायका घरून डबे घेऊन आल्या होत्या, शेगडीवर कॉफी होती. अध्यक्ष होते पाळक सायलस वुडब्रिज. कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा न्याय देऊन घरी पाठवणारा माणूस. एलम शेवटच्या बाकावर एकटा बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती आणि पुढच्या बाकांवर लोक दाटीवाटीनं बसले होते.

केझायानं आधी स्वतःचं जुनं पत्र वाचलं, मग नवं.

मग पाळक वुडब्रिज म्हणाले, "सिस्टर लॅथ्रॉप यांचा प्रामाणिकपणा आपल्या सर्वांना शोभेल असाच आहे. पण ही गोष्ट सहा गावांत जाहीर वाचली, तर गुलामीचे पाठीराखे काय म्हणतील? हे लोक खोटं लिहितात, असंच ना?"

"लिहिलंच होतं," केझाया म्हणाली.

"कळलं. पण ते आपल्यात ठेवता येईल."

डीकन प्रॅट उठला. "माझं म्हणणं साधं आहे. गुलामी नष्ट करणं हे मंडळाचं काम. त्यासाठी मी कपाळ फोडून घ्यायला तयार आहे. पण कोणी कोणाला आपल्या टेबलाशी बसवावं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. चिटणीसबाईंनी आता आमच्या स्वयंपाकघरातही हुकूम सोडायचे का? आणि वळ दाखवण्यात लाज कसली? लाज त्या मालकाला वाटायला हवी. लोकांनी ते पाहिले, तर दहा जण आपल्या बाजूला येतात."

"येतात," कोणीतरी म्हणालं. बऱ्याच माना हलल्या. मग एकेक जण बोलायला लागला. न्यू केननचा प्रतिनिधी म्हणाला, त्यांच्याकडच्या बायका अजून ते वळ बघायची वाट बघताहेत. कोणी म्हणालं, गॉस फार कायदा बोलतात, जरा साधं बोलावं. कोणी म्हणालं, त्यांच्यात अलीकडे गर्व शिरला आहे. पाऊण तास हे चाललं.

मग शेवटच्या बाकावरून एलम उभा राहिला.

"इतका वेळ माझ्या जेवणाबद्दल, झोपण्याबद्दल आणि कातडीबद्दल चर्चा चालली आहे," तो म्हणाला. "मी इथंच बसलोय. मला कोणी काही विचारलं नाही. मला बोलायचं आहे."

पाळक वुडब्रिजना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "बंधू गॉस, आपल्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण नियमाप्रमाणे चर्चेत फक्त प्रतिनिधींनाच भाग घेता येतो. आपण वक्ते आहात, सदस्य नाही. कृपया बसून घ्यावं."

एलम बसला नाही. त्यानं टोपी घातली आणि तो बाहेर गेला. दार त्यानं हळूच लावून घेतलं.

केझाया उभी होती, ती तशीच दोन पावलं पुढं आली. "दोन वर्षं ह्या माणसाला मी गावोगाव बोलायला पाठवतेय," ती म्हणाली, "आणि तुमच्या नियमात त्याला बोलता येत नाही. कोर्टात त्याला तोंड उघडायची बंदी आहे म्हणून तो गळा फोडून सांगतो, तेव्हा तुम्ही रुमाल काढून डोळे पुसता. मग इथली बंदी कोणी घातली? केंटकीच्या मालकानं? डीकन, तुमच्या बायकोच्या पायाचा घोटा दिसला तर तुम्ही सभा बंद कराल. आणि परक्या माणसाला भर चर्चमध्ये उघडं करायचं, त्याला तुम्ही सभ्य विनंती म्हणता. मीही तुमच्यातलीच आहे. तुम्हाला तमाशा हवा होता हे मला ठाऊक होतं, म्हणून तर तसं लिहिलं. आणि बरोबर लिहिलं. सहाच्या सहा आलात धावत."

"सिस्टर," पाळक म्हणाले, "राग हा काही युक्तिवाद नव्हे."

"नसू दे. मला राग आलाय, तो मी तुमच्यासाठी गिळणार नाही."

मतं घेतली. पत्र संघाच्या नावानं जाऊ नये, या बाजूनं एकोणीस. जावं म्हणणारे आठ. केझायानं इतिवृत्ताची वही, दौऱ्याचा तक्ता आणि शाईची दौत अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली आणि शाल उचलली. एका बाईनं तिचा हात धरून हळूच म्हटलं, मी आठांतली आहे. केझाया म्हणाली, "मग बाहेर चल." ती बाई डब्याकडे, नवऱ्याकडे बघत राहिली.

पत्रं तिनं स्वतःच्या नावानं पाठवली. सहांतली दोन न फोडता परत आली. एका गावच्या अध्यक्षांनी लिहिलं, की आपण थकलेल्या दिसता, विश्रांती घ्यावी. दोघांनी उत्तरच दिलं नाही. संघानं नवा चिटणीस नेमला, डीकनचा भाचा. पहिल्याच महिन्यात त्यानं क्वेकर मास्तर आणि दारूबंदीवाला, दोघांना एकाच रात्री एकाच चर्चमध्ये पाठवलं. ते दोघं मिळून सव्वाचार तास बोलले, आणि न्यू केननच्या मंडळानं तो हंगाम तिथंच संपवला. अ‍ॅन्सेलला हे कळलं तेव्हा त्याला हसून हसून ठसका लागला. केझायालाही बरं वाटलं, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

सहावं पत्र हॉलो फोर्कला गेलं होतं. तिथल्या अध्यक्षांनी ते वाचायचं टाळलं, म्हणून त्यांच्या सुनेनं ते उचलून बायकांच्या शिवण मंडळात वाचलं. त्या चौदा बायकांनी मिळून उत्तर लिहिलं. 'चर्च मिळणार नाही, शाळा मिळेल. गॉस यांनी जे बोलायचं ते बोलावं. जेवायला आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या मिसेस टटलकडे, टेबलाशी.'

केझाया ते घेऊन वेल्श लोहाराकडे गेली. एलमनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा यात आपली थट्टा कुठं लपवलीय ते शोधत असल्यासारखं, दुसऱ्यांदा सावकाश.

डिसेंबरच्या एका दुपारी हॉलो फोर्कच्या शाळेत एकतीस माणसं जमली. एलम साक्षीच्या कायद्यावर बोलला. एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, की असा कायदा खरंच आपल्या राज्यात आहे का. एलमनं कलम सांगितलं, साल सांगितलं, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका काळ्या धोबिणीची गोष्ट सांगितली, जिच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा मारला गेला आणि मारणारा कोर्टातून चालत घरी गेला. साक्षीदार ती एकटीच होती. शाळेत कोणी रडलं नाही. लोक चिडले. चिडलेल्या लोकांनी तिथल्या तिथं विधिमंडळाला अर्ज लिहिला, एकोणतीस सह्या झाल्या. उरलेल्या दोघांतल्या एकाला सही येत नव्हती, त्यानं फुली मारली. दुसरा पत्र वाचायचं टाळणारा अध्यक्ष होता.

फेब्रुवारीपर्यंत एलमनं स्वतःचा दौरा आखला. तीन गावं गोऱ्यांची, दोन काळ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या. त्या वस्त्यांना जिल्हा संघानं कधी पत्रच लिहिलं नव्हतं, आणि केझायालाही ते कधी सुचलं नव्हतं. पत्रं लिहायला तो तिच्याकडे येतो. तिचं अक्षर चांगलं आहे आणि रस्ते तिला पाठ आहेत, हे कारण त्यानं स्वतःच दिलं. तो सांगतो, ती लिहिते. लिहून झालं की तो कागद हातात मागतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचतो, मगच लाखेनं बंद करू देतो.

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिला झोंबलं. दुसऱ्यांदाही झोंबलं.

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला, आणि बोट ठेवलं. "इथं 'दुर्दैवी' लिहिलंय. मी सांगितलं नव्हतं."

तिनं तो शब्द खोडला. मग सगळाच कागद बाजूला सारून नवा घेतला.